साडूची स्वस्त वाइन

चहा घ्या आधी. गार झाला तर मला दोष देऊ नका, कारण ही गोष्ट मी सुरू केली की मला थांबता येत नाही. आणि आता काय लपवायचं, माझ्या फजितीची आहे. सुनंदाने म्हणजे माझ्या बायकोने ती अर्ध्या नवीन पनवेलला सांगून टाकली आहे. उरलेल्या अर्ध्यांना निदान माझ्या तोंडून कळावी, एवढंच.

तर साडू हा प्राणी तुम्हाला माहीत असेल. सख्खा भाऊ परवडतो, त्याच्याशी भांडता येतं. साडूशी भांडता येत नाही, फक्त जळता येतं. माझा साडू शेखर. सुनंदाची धाकटी बहीण चारू, तिचा नवरा. राहतो आमच्याच इमारतीत, दोन मजले वर. म्हणजे जळायला लांब जायला नको, लिफ्टची सोय आहे.

मी नोकरीला उरणच्या बाजूला द्रोणागिरीत, एका गोदामात सुपरवायझर. रोज स्कूटरने जातो-येतो. आमच्या सासूबाई उरणजवळच्या गावात मुलाकडे राहतात. त्यामुळे माझी वर्षानुवर्षांची पद्धत ठरलेली. रविवारी सकाळी मोरा बंदराच्या धक्क्यावर जायचं, होडीतून उतरलेली ताजी मासळी घ्यायची, येताना गावातून सासूबाईंना स्कूटरवर मागे बसवायचं आणि पनवेलला आणायचं. पुढे मासळी, मागे सासूबाई, मधे मी. दुपारी आमच्याकडे सगळ्यांचं जेवण. आणि प्रत्येक घासाला कौतुक कोणाचं? माझं. “मावरा आनावा तं मोठ्या जावयानी,” असं सासूबाई चारचौघांत म्हणायच्या. शेखर बिचारा काटे काढत ऐकायचा. फार चांगले दिवस होते ते.

मग शेखर ऑफिसच्या लोकांबरोबर नाशिकला गेला आणि येताना डोक्यात वाइन घेऊन आला.

एका रविवारी तो म्हणाला, “दादा, मासळी तुम्हीच आणा, पण जेवण आज आमच्याकडे.” आम्ही वर गेलो. टेबलावर काचेचा एक सुरेख निमुळता जग, त्याला बाहेरून दव आलेलं आणि आत फिकट पिवळं काहीतरी. शेखरने सगळ्यांच्या ग्लासात थोडं थोडं ओतलं.

“पांढरी वाइन आहे. माशांबरोबर घेऊन बघा.”

“पांढरी कुठं हाय? पिवली तं हाय,” सासूबाई म्हणाल्या. पण ग्लास त्यांनी पुढे केला होता. एक घोट घेतला, मग पापलेटचा तुकडा, मग दुसरा घोट. आणि म्हणाल्या, “मावरा आज गोड लागतोय.”

आज? म्हणजे इतकी वर्षं मी काय आणत होतो?

पुढे शेखर म्हणाला ते तर अजून माझ्या कानात आहे. “महागाची चांगली वाइन कोणीही आणेल, आई. स्वस्तातली चांगली शोधायची, रोज जेवताना घेता येईल अशी, त्यात खरी मजा आहे.”

सुनंदा माझ्याकडे वळून म्हणाली, “बघा, शेखरभावजींना किती आवड आहे एकेका गोष्टीची.” बघा म्हणे. मी बघतच होतो. माझ्या पापलेटच्या जिवावर त्याची वाइन बोहल्यावर चढली होती आणि मी मंडपवाल्यासारखा कोपऱ्यात उभा होतो.

दर रविवारी हेच सुरू झालं. मासळी माझी, कौतुक त्या काचेच्या जगाचं. तुम्ही विचाराल, अरे बाबा, शेखरला सरळ नाव विचारायचं, कुठली वाइन आणतोस म्हणून. अहो, साडूला विचारायचं? म्हणजे हातात पांढरं निशाण घेऊन लिफ्टने वर जायचं की. त्यापेक्षा मी ठरवलं, आपण स्वतः शोधायची. त्याच्याहून स्वस्त आणि त्याच्याहून चांगली. एका रविवारी गुपचूप टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, “ही? ही असंच काहीतरी, येता येता घेतली.”

स्टेशनजवळच्या वाइन शॉपमध्ये गेलो. पाटीवर वाइन लिहिलेलं, म्हणून मी आपला वाइन मागितली.

“क्वार्टर की हाफ?” जाळीमागच्या माणसाने विचारलं.

“नाही, वाइन. द्राक्षांची.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी केमिस्टकडे कांदे मागितले. “घरी लेडीज पार्टी आहे का?”

“नाही. मलाच पाहिजे. रोज जेवताना घेता येईल अशी. स्वस्त आणि चांगली.”

“रोज?” तो जाळीजवळ आला. “साहेब, रोजवाले वाइन नाही घेत. रोजवाले सरळ हे घेतात.” आणि त्याने मागच्या फळीकडे हात केला. मागे लोक खोळंबले होते. त्यातल्या एकाने तर माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “भाऊ, वाइनने काही होणार नाही तुमचं.”

तरी मी हट्टाने एक बाटली घेतली. लेबलवर एका पायावर उभा असलेला बगळा. दुकानातल्या वाइनमध्ये सगळ्यात स्वस्त तीच.

आता प्रश्न आला, ठेवायची कुठे? घरात ठेवली तर सुनंदाला दिसणार. तिला दिसलं की चारूला कळणार आणि चारूला कळलं की वरच्या मजल्यावर. म्हणून बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवली. सुनंदा बुधवारी संध्याकाळी योगासनांच्या वर्गाला जाते, तोपर्यंत बाटली माझ्याबरोबर द्रोणागिरीला जाऊन येत राहिली. दिवस एप्रिलचे. गोदामाच्या आवारात झाड नाही, छप्पर नाही, कंटेनर आणि ऊन. संध्याकाळी स्कूटरवर बसलो की सीट चटका द्यायची.

बुधवारी घर रिकामं झालं. बाटली वर आणली, स्टीलच्या पेल्यात ओतली, खुर्ची खिडकीशी ओढली. मोठ्या अपेक्षेने घोट घेतला.

काय सांगू तुम्हाला. करपलेल्या साखरेच्या पाण्यात कोणी चिंच भिजवली असावी आणि ती चिंचसुद्धा गेल्या वर्षीची. मी बाटली मोरीत उपडी केली आणि उदबत्ती लावली. सुनंदा आली तर म्हणाली, “आज काय विशेष? देवाची आठवण आली?”

मग दुसरी आणली. तीही डिकीत. मग तिसरी. एकीची चव शाईसारखी, एकीची खोकल्याच्या औषधासारखी, एक तर गंजलेल्या नळाला तोंड लावावं तशी. प्रत्येक बुधवारी मोरीला वाइन आणि देवाला उदबत्ती. आणि दर रविवारी वर जाऊन शेखरच्या जगातली ती गार, हलकी, जिभेला गुदगुल्या करणारी वाइन प्यायची. माणूस जळून जळून किती जळेल? माझी खात्री पटली की याची वाइन स्वस्त नाहीच. हा चोरून महागाची आणतो आणि वर स्वस्तातलं ज्ञान सांगतो. स्वतःच्या मनात जे असतं ना, तेच माणसाला दुसऱ्याच्या मनात दिसतं. पण ते मला पुढे कळलं.

मेचा पहिला रविवार असेल. जेवण रंगात आलं होतं. सासूबाई सरंगा खाता खाता म्हणाल्या, “शेखरराव, तुमची निवड लय भारी. कुठून शोधता काय म्हाईत.” आणि माझा तोल गेला.

“शोधायला काय आहे त्यात?” मी म्हणालो. “माझाही अभ्यास आहे या विषयाचा.”

सुनंदाचा हात ताटात थांबला. “तुमचा? कधीपासून?”

“बरेच दिवस चालू आहे. बाजारातली प्रत्येक स्वस्त वाइन मी पारखून बघितलीय.” मग जीभ सुटलीच. “तुम्हाला एक सल्ला देतो. ती एक बगळ्याची मिळते ना, लेबलवर बगळा असलेली? ती कोणी फुकट दिली तरी घेऊ नका. मी ती मोरीत ओतली, तर मोरीने परत दिली.”

चारूला एकदम ठसका लागला. मी तिला पाणी दिलं.

“असं?” शेखर म्हणाला आणि त्याने जग उचलून माझा ग्लास भरला. “इतकी वाईट आहे?”

मी घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि म्हणालो, “याच्याशी तुलनाच नको. ही आहे चांगली, नाही म्हणत नाही. पण मला याच्याहून स्वस्त मिळते आणि याच्याहून सरस.”

“मग पुढच्या रविवारी तुमची आणा की, दादा,” शेखर म्हणाला. त्याच्या आवाजात खोच नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

“आणतो. आणि अशी नाही. दोन्ही बाटल्यांना कागद गुंडाळायचा. कुठली कोणाची, कोणाला कळता कामा नये. मग बघू.”

हे मी का बोललो, मला आजही कळलेलं नाही. माझ्याकडे कसलीच वाइन नव्हती. माझ्याकडे फक्त मोरी होती.

त्या आठवड्यात मी ते केलं, जे शेखर करतो असं मला वाटत होतं. वाशीला गेलो, एका मोठ्या दुकानात. आत एसी, मंद संगीत, गळ्यात टाय घातलेला दुकानदार. त्याला म्हटलं, पांढरी वाइन द्या आणि अशी द्या की समोरच्याचं तोंड बंद झालं पाहिजे. त्याने कपाटातून परदेशी बाटली काढली, लहान बाळासारखी दोन्ही हातांत धरून. किंमत सांगत नाही. माझं तोंड बघून दुकानदाराने पाणी विचारलं, एवढंच सांगतो.

बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळलं, वरून चिकटपट्टी. आणि ठेवली कुठे? तुम्ही ओळखलंत. पण त्या वेळी माझ्या डोक्यात एकच धास्ती होती, की सुनंदाने किंमत वाचू नये. रविवारी सकाळी मोऱ्याहून परत आल्यावर मी ती फ्रीजमध्ये ठेवली आणि सुनंदाला बजावलं, “कागद काढायचा नाही. नियम आहे.”

या खेपेला जेवण आमच्याकडे होतं, मीच तसं सांगितलं होतं. शेखरही कागद गुंडाळलेली बाटली घेऊन आला. सुनंदाने स्वयंपाकघरात दोन्ही ओतल्या. रंगावरून कळू नये म्हणून स्टीलचे पेले. एका वाइनच्या पेल्यांना रबरबँड लावलं, दुसऱ्या वाइनचे तसेच. कुठली कुठे, ते फक्त तिलाच ठाऊक.

शेखर म्हणाला, “आई, तुम्ही सांगा आधी.”

पण मी कशाला वाट बघतोय? साधा पेला उचलला, घोट घेतला. गार, हलकी. कच्च्या आंब्याचा पुसटसा वास. घशातून उतरली ती धक्क्यावरच्या सकाळच्या वाऱ्यासारखी. मग रबरवाल्या पेल्यातला घोट घेतला. करपट, आंबट, मागे कडवटपणा. मला मनातून हसू आलं. परदेशी माल कुठला आणि शेखरचा कुठला, हे काय सांगायला पाहिजे? थंडगार जगात ओतल्यामुळे इतके दिवस त्याचं भागत होतं, आज स्टीलच्या पेल्यात उघडा पडला, असा मी अर्थ लावला.

मी उभा राहिलो. हो, उभा राहिलो, बसून बोलता आलं असतं तरी.

“हा साधा पेला बघा,” मी म्हणालो. “याला म्हणतात निवड. स्वस्त आहे, पण ज्याने निवडली त्याला जीभ आहे, समज आहे, धीर आहे. अशी वाइन रोज प्यावी. आणि ही रबरवाली? शेखर, राग मानू नकोस, पण ही ज्याने आणली त्याने वाइनमधलं काही कळतं असं पुन्हा म्हणू नये. बिजागरीत घालायला ठीक आहे.”

“दादा…” शेखर म्हणाला.

“मला बोलू दे. माणसाने आपली पायरी ओळखावी, एवढंच माझं म्हणणं आहे.”

सासूबाईंनीही दोन्ही चाखल्या. रबरवाला पेला त्यांनी लांब सरकवला. “मोठं जावई बरोबर बोलतात. ही नको मना. ती साधी बरी हाय.” चारूनेही मान हलवली. मी खाली बसलो आणि सरंग्याचा तुकडा तोंडात टाकला. इतक्या महिन्यांनी माशाला चव लागली.

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट वाचता आलं नाही. ती हळूच म्हणाली, “अहो, रबरवाली तुमची आहे.”

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, तीसुद्धा मला माझ्यावरच वाटली.

“चुकून उलटं झालं असेल तुझं,” मी म्हणालो.

ती आत गेली आणि दोन्ही बाटल्या घेऊन आली. माझ्या बाटलीचा कागद फाडला. आत ती परदेशी बाटली, मागे छापील किंमत. सुनंदाने ती वाचली, मोठ्याने नाही, पण ओठ हललेले सगळ्यांनी पाहिले. मग शेखरच्या बाटलीचा कागद काढला. आतून बगळा बाहेर आला, एका पायावर उभा, माझ्याकडे बघत.

“ही?” मी म्हणालो. “ही तू रोज…”

“रोज हीच, दादा. पहिल्यापासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलंच नाही कधी. विचारलं असतं तर पत्ता पण दिला असता. आणि गेल्या रविवारी तुम्ही मोरीचं सांगितलंत, मग कसं सांगणार?”

तो हसला नाही हो. हसला असता तर मी त्याला माफ केलं असतं. उलट माझा रबरवाला पेला उचलून त्याने आणखी एक घोट घेतला आणि म्हणाला, “ही मुळात फार चांगली असणार, दादा. हिला ऊन लागलंय. कुठे ठेवली होती?”

“डिकीत,” मी म्हणालो.

“द्रोणागिरीला?” चारूने विचारलं आणि मग तिला हसू आवरेना. सुनंदाही हसायला लागली. सासूबाईंना काही उमगलं नव्हतं. त्यांनी विचारलं, “डिकीत काय होतं? मी तं दर रविवारी मागं बसते, मना कसं नाय दिसलं?” सुनंदाने त्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. उदबत्त्यांचा उलगडाही तिला तेव्हाच झाला. म्हणजे माझी फजिती मला त्या दुपारी दोनदा ऐकावी लागली, दुसऱ्यांदा आगरी भाषांतरासह.

ती बाटली जवळजवळ भरलेली राहिली. मी ओतायला निघालो तर सासूबाई म्हणाल्या, “टाकू नका. इतकी महाग वस्तू. मना द्या.” मी दिली. मनात म्हटलं, निदान नजरेसमोरून जाईल.

पुढच्या रविवारी त्यांना आणायला गेलो तर म्हातारी धडाधड पायऱ्या उतरून आली आणि टुणकन स्कूटरवर बसली. एरवी बसताना “आई गं, बाबा गं” असतं. मी विचारलं, “आज काय झालं?”

“तुमची वाइन,” त्या म्हणाल्या. “गुडघ्यांना चोलली. लय गुन आला बगा.”

मी त्यांना सांगितलं की गुण चोळण्याचा आहे, वाइनचा नाही. पटेना. शेखरने बगळ्याची एक बाटली दिली, म्हणाला हीसुद्धा चोळून बघा, आई. त्यांनी इमानदारीत चोळली आणि निकाल दिला: “प्यायला तुमची, पन गुडघ्याला मोठ्या जावयाची.” आता त्या गावात बायकांना सांगतात की माझा मोठा जावई माझ्यासाठी परदेशातून तेल मागवतो. शेखरला मी शेवटी हरवलं, पण अशा ठिकाणी की तिथे तो खेळतच नव्हता.

तेव्हापासून संपली की वाशीला जावं लागतं. तो टायवाला दुकानदार मला बघून उठून उभा राहतो. त्याला वाटतं, मी फार मोठा जाणकार आहे. मागच्या खेपेला त्याने बाटली कागदात बांधता बांधता आदराने विचारलं, “सर, ही तुम्ही कशाबरोबर घेता? फिश की चिकन?”

मला खोटं बोलवेना. म्हटलं, “पायाबरोबर.”

“पाया?” त्याने डोळे मिटले, जणू रस्साच समोर आला. “पायाबरोबर चांगली लागते?”

“चांगली लागते,” मी म्हणालो. “डाव्याला जरा जास्त.”